बादलीत वर कढत, तळाला गार! पाणी उष्णतेचं वाहक आहे की नाही?

पेठेतला पाहुणा

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एमपीएससीची तयारी चालू आहे. खोलीत गीझर नाही, त्यामुळे थंडीत बादली आणि रॉड. रॉड १५०० वॉटचा, बादली प्लास्टिकची, १८ लिटरच्या आसपास. वीसेक मिनिटांनी स्विच बंद करून, पिन काढून हात घातला की वरचं पाणी चटका बसेल इतकं कढत, आणि तळाचं नळातून आत्ता काढल्यासारखं गार. बरं, मधे कोमट पाण्याचा पट्टा म्हणावा तर तो जेमतेम तीन बोटं.

रूममेट म्हणतो रॉड गेलाय, नवीन आण, वीज फुकट जळतेय. मला ते पटत नाही. पण मग वरची उष्णता वीस मिनिटांत वीतभर खाली का जात नाही? पाण्याची विशिष्ट उष्माधारकता सर्वांत जास्त, हे वाक्य पाठ आहे. त्याचा इथे काही उपयोग होईना. कुणी नीट उलगडून सांगेल का?

कर्वे रोडचा सिग्नल

रॉडचं वेटोळं तळाशी पोचेल अशी उथळ बादली घ्या. विषय संपला.

(हलके घ्या. बादली मात्र खरंच घ्या.)

खडू आणि डस्टर

सिग्नल यांचा उपाय बरोबर आहे. पण कारण त्याहून रंजक आहे. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पाहुणे, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक किलो पदार्थ एका अंशाने तापवायला किती उष्णता लागते, ही झाली विशिष्ट उष्माधारकता. ती उष्णता पदार्थातून किती वेगाने पुढे सरकते, ही उष्णतावाहकता. पहिल्या बाबतीत पाणी दादा आहे: किलोमागे, अंशामागे ४.१८ किलोज्यूल. दुसऱ्या बाबतीत अगदीच सुमार: ०.६ वॉट प्रति मीटर प्रति अंश. तांब्याचा हाच आकडा ४०० च्या घरात, अ‍ॅल्युमिनियमचा २३५ च्या आसपास. ज्या स्टेनलेस स्टीलला आपण 'एका जागी जळतं' म्हणून नावं ठेवतो, त्याचासुद्धा १५.

मग पातेलंभर पाणी एरवी सगळं सारखं कसं तापतं? तर तिथे उष्णता पाण्यातून जात नसते, पाणीच उष्णता घेऊन हिंडत असतं. २० अंशांचं लिटरभर पाणी ९९८ ग्रॅम भरतं, ६० अंशांचं ९८३ ग्रॅम. फरक १५ ग्रॅमचा, पण तेवढा पुरतो. हलकं पाणी वर चढतं, जड खाली येतं, फेरा सुरू होतो. हे अभिसरण. गॅस पातेल्याच्या बुडाशी असतो म्हणून हा फेरा तळापासून वरपर्यंत पोचतो.

तुमच्या बादलीत रॉड काठाला अडकवलाय. वेटोळं पाण्यात मधेच लोंबतंय. फेरा चालू होतो तो वेटोळ्यापासून वर. त्याच्या खालचं पाणी गारही आहे आणि जडही, म्हणजे जिथे असायला हवं तिथेच आहे. ते कशाला जागचं हलेल? त्याला उष्णता मिळणार ती फक्त वहनाने, आणि ते वहन किती तुटपुंजं आहे बघा. बादलीचा आडवा छेद साधारण ०.०६ चौरस मीटर धरा, वर ५७ अंश, खाली २० अंश, आणि हा फरक ५ सेंटिमीटरमध्ये पसरलेला. खाली जाणारी उष्णता भरते सुमारे २७ वॉट. वर रॉड १५०० वॉट ओततोय आणि तळाला मिळतायत २७! तळाशी ६ लिटर पाणी असेल तर त्या वेगाने ते एका अंशाने तापायला पाव तास लागतो.

रूममेटला सांगा, वीज कुठेही वाया गेलेली नाही. १८ लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला १८८४ किलोज्यूल लागतात, १५०० वॉटच्या रॉडला त्यासाठी २१ मिनिटं. तीच उष्णता वरच्या १२ लिटरांतच कोंबली गेली म्हणून ते ५७ वर गेलं. ढवळा, सगळं ४५ ला येईल. पण ढवळायचं ते स्विच बंद, पिन बाहेर आणि रॉड उचलून ठेवल्यावर. रॉड चालू असताना पाण्यात बोटसुद्धा घालायचं नाही, आणि लोखंडी बादलीत रॉड लावायचाच नाही. यावर चर्चा नको.

वर्गात हे दाखवायला एक झकास प्रयोग आहे. परीक्षानळीत बर्फाचा खडा टाकायचा, तो वर येऊ नये म्हणून तारेच्या जाळीने तळाशी दाबून धरायचा, पाणी भरायचं आणि नळी तिरकी धरून वरच्या टोकाला बर्नर लावायचा. वर पाणी खळाखळा उकळतं, वाफ निघते, आणि तळाचा बर्फ तसाच दिसत राहतो. मुलं नळीच्या बुडाला बोट लावून बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत.

पेठेतला पाहुणा

ताई, मनापासून धन्यवाद. २७ वॉट वाचून रूममेट गप्प झालाय. (रॉड मात्र आणायचाच म्हणतोय.)

अर्धवट इंजिनिअर

छान प्रतिसाद. आता थोडी काडी टाकतो. तेल पाण्यापेक्षा झटकन तापतं, हे स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे तेल पाण्यापेक्षा सुवाहक झालं ना? दुसरं, पाणी जर इतकं रद्दी वाहक आहे तर ओल्या फडक्याने पातेलं उतरवलं की हात का भाजतो? कोरड्याने तर भाजत नाही.

झारा

पहिल्याचं उत्तर माहीत नाही, पण दुसऱ्याचा चट्टा अजून मनगटावर आहे. आमच्या सासूबाई ओट्याशी कुणी ओला फडका नेला की ओरडायच्या.

खडू आणि डस्टर

अर्धवट, काडी चांगली आहे.

तेल सुवाहक नाही, उलट पाण्याहून मंद आहे. खाद्यतेलाची वाहकता ०.१७ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या पाव-तृतीयांश. ते लवकर तापतं कारण त्याची भूकच कमी आहे: किलोमागे अंशाला सुमारे २ किलोज्यूल, पाण्याच्या निम्मी. शिवाय लिटरभर तेल भरतं ९२० ग्रॅमच्या आसपास. लिटरभर पाणी ३० वरून १०० अंशांवर आणायला २९३ किलोज्यूल लागतात. साधारण तेवढ्यातच लिटरभर तेल १८० ला, म्हणजे पुऱ्या सोडण्याइतकं तापतं. पाणी १०० ला पोचल्यावर पुढची सगळी उष्णता वाफेवर खर्च करतं, किलोला २२५७ किलोज्यूल. तेलाला तो अडसर नाही, ते आपलं चढतच राहतं.

ओल्या फडक्याचं: सुमार कुणाच्या तुलनेत, ते बघायचं. कोरड्या फडक्याच्या धाग्यांत हवा अडकलेली असते, तिची वाहकता ०.०२६. फडका भिजला की त्या हवेच्या जागी पाणी येतं, ०.६ वालं. वीसपटीहून जास्त. आणि फडका पातळ, त्यामुळे उष्णतेला जायचं अंतर मिलिमीटर-दोन मिलिमीटर. बादलीत वीतभर जायचं होतं.

आणि पाहुणे, तुमच्या परीक्षेसाठी अवांतर: 'सर्वांत जास्त' म्हणताना जरा दबकत म्हणा. द्रव अमोनियाची उष्माधारकता पाण्यापेक्षा थोडी जास्तच आहे, ४.७ च्या आसपास. नेहमीच्या वापरातल्या द्रवांत पाणी पहिलं, हे निर्विवाद. पाऱ्याची जेमतेम ०.१४, म्हणजे पाण्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकी, आणि वाहकता पाण्याच्या तेरा-चौदा पट. म्हणून जुना तापमापक काखेत धरला की पारा लगेच चढायचा. पारा धातू आहे, त्याच्यात मोकळे इलेक्ट्रॉन उष्णता पळवतात. पाण्यात-तेलात तशी सोय नाही, रेणूने रेणूला धक्का देत जायचं.

झारा

हे वाचून पिठल्याचं कोडं सुटलं. आमटी रटरटली तरी करपत नाही, पण पिठलं घट्ट व्हायला लागलं की हात थांबवून चालत नाही. थांबलात की खाली खरपूड आणि वर गार. आणि त्याचे जे फटके उडतात ते कोपरापर्यंत.

खडू आणि डस्टर

अगदी बरोबर. बेसन शिजून दाट झालं की त्याला फिरता येत नाही, अभिसरण बंद. राहिलं फक्त वहन, तेही ०.६ च्या आतबाहेरचं. गॅस मात्र तेवढाच. बुडाची उष्णता वर जात नाही म्हणून तिथलं पाणी जागीच वाफ होतं, वाफ कोंडते आणि वरचा थर फोडून बाहेर येते. तोच तुमचा फटका. डाव फिरवणं म्हणजे जे अभिसरण बंद पडलंय ते हाताने करणं.

जुनी पानं

पिठल्याचा विषय निघालाच आहे तर काऊंट रम्फर्ड आठवला. बेंजामिन थॉम्प्सन, म्युनिकला तोफा कोरताना निघणाऱ्या उष्णतेवरून 'उष्णता म्हणजे काही वाहणारा पदार्थ नव्हे' असं म्हणणारा हाच. त्याला प्रश्न पडला होता की सफरचंदाचं सारण भरलेला 'अ‍ॅपल पाय' इतका वेळ कढत का राहतो. अठराव्या शतकाच्या शेवटी त्याने द्रवांवर बरेच प्रयोग केले आणि एका टोकाला गेला: म्हणे द्रव उष्णता वाहतच नाहीत, फक्त हिंडून इकडची तिकडे नेतात.

लोकांनी अर्थातच वाद घातला. वरून उष्णता दिली तर खाली थोडी पोचते, हे दिसत होतं. पण रम्फर्डवादी म्हणायचे, ती भांड्याच्या भिंतीतून खाली आली. यावर एडिंबरोच्या जॉन मरेने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शक्कल काढली: भांडंच बर्फाचं केलं. बर्फाची भिंत शून्याच्या वर तापूच शकत नाही, तर ती उष्णता नेणार कुठून? तरीही आतला तापमापक चढला. द्रव उष्णता वाहतात, फार थोडी, पण वाहतात. रम्फर्डचा निष्कर्ष हुकला, निरीक्षण मात्र पक्कं होतं.

मला मरेचं हे भांडं विज्ञानाच्या इतिहासातल्या भल्याभल्या यंत्रांपेक्षा आवडतं.

पाषाणकर

जुनी पानं, फार सुरेख. भिंतीचा आणि फेऱ्याचा त्रास आजही सुटलेला नाही. पाषाणला एका प्रयोगशाळेत द्रवांची वाहकता मोजायचं काम काही काळ केलंय, त्यातलं सांगतो. द्रव गरम करावा तर तो लगेच हलायला लागतो, आणि हलला की तुम्ही वाहकता मोजत नसता, अभिसरण मोजत असता. म्हणून केसाहून बारीक प्लॅटिनमची तार द्रवात ताणून बसवायची, तिच्यातून एखादा सेकंद वीज सोडायची आणि तार किती वेगाने तापते ते बघायचं. द्रव चांगला वाहक असेल तर तारेची उष्णता काढून घेतो, तार सावकाश तापते. सगळं मोजमाप द्रव हलायच्या आत उरकायचं. टेबलाला कुणाचा धक्का लागला की तो नमुना पुन्हा.

पाहुण्यांच्या 'वीस मिनिटांत वीतभर' या प्रश्नाचं अजून एक अंग आहे. वहनाने उष्णता पसरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. स्थिर पाण्यात एक सेंटिमीटरला ढोबळमानाने १२ मिनिटं. दहा सेंटिमीटरला दहापट नव्हे, शंभरपट, म्हणजे २० तास. तुम्ही वीस मिनिटांनी हात घातलात आणि मधला कोमट पट्टा तीन बोटांचा लागला. बरोबर तेवढाच लागायला हवा.

अर्धवट इंजिनिअर

_/\_ हे शंभरपट प्रकरण कॉलेजात कुणी असं सांगितलं असतं तर नाव बदलावं लागलं असतं.

भोसरी सेकंड शिफ्ट

आमच्या धंद्यातलं सांगतो. भोसरी एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटचं काम. लोहार कोयत्याला पाणी देतो तेच, फक्त भट्टी मोठी. लालबुंद जॉब, म्हणजे तापवलेला पोलादी भाग, पाण्यात टाकला की पहिल्यांदा त्याच्याभोवती वाफेचं आवरण धरतं. वाफ म्हणजे उष्णता वाहण्यात हवेसारखीच, त्यामुळे तेवढा वेळ जॉब आत लालच राहतो. मग आवरण फुटतं आणि एकदम सपाट्याने गार होतो. एका बाजूचं आधी फुटलं, दुसऱ्याचं मागाहून, की जॉब वाकडा किंवा सरळ क्रॅक. मिठाच्या पाण्यात आवरण लवकर फुटतं. तेलात शेवटचा टप्पा सावकाश होतो म्हणून नाजूक जॉब तेलात.

आता गंमत. नवीन पोरगा आला की विचारतो, तेल ५०-६० डिग्रीला गरम का ठेवता, गार तेलात जॉब जास्त लवकर गार नाही का होणार? नाही होत. गार तेल चिकट असतं, जॉबला धरून बसतं. कोमट झालं की पातळ होतं, पटापट सरकतं, नवीन तेल जॉबपाशी येतं. शिवाय टाकीत पंखे फिरतच असतात. तेल काय वाहतं याला आम्ही विचारत नाही, ते हलतं किती हे बघतो.

कर्वे रोडचा सिग्नल

भोसरी, एक विचारतो. कूलंटऐवजी गाडीत साधं पाणी का नको? वरच्या आकड्यांवरून तर पाणीच भारी दिसतंय.

भोसरी सेकंड शिफ्ट

उष्णता उचलायला भारीच आहे. अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल केलं की उष्माधारकता ३.३-३.४ वर येते, वाहकताही घटते. पण नुसतं पाणी आधी उकळतं, इंजिनात गंज धरतं आणि बोअरचं असेल तर क्षार साठतात. क्षाराचा थर बसला की उष्णता तिथेच अडते. पुण्यात गोठायची भीती नाही, बाकीच्या आहेत.

तांब्याची घागर

इतकं सगळं झालं आणि बंबाचं कुणी नाव काढलं नाही? कसब्यातल्या तांबट आळीत अजून ठोके ऐकू येतात. आमच्याकडे बंब होता, मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी. नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की वरच्या तोटीतून तांब्याभर कढत पाणी यायचं. लहानपणी वाटायचं, आत ओतलेलं पाणी जाता जाता तापतं की काय!

खडू आणि डस्टर

नरसाळ्याची नळी आत तळापर्यंत जाते. गार पाणी तळाशी उतरतं, जड म्हणून तिथेच राहतं आणि वरच्या गरम पाण्याला ढकलतं. पाहुण्यांना जी अडचण वाटली तिच्याच जिवावर बंब चालतो. पाणी सुवाहक असतं तर दोन तांब्यांनंतर सगळाच बंब कोमट झाला असता. भिंतीवरच्या गीझरमध्येही हेच: गार पाणी बुडाशी येतं, गरम उचलायचं ते वरून.

बंब जाळ विझवून रात्रभर ठेवला तर मात्र थर बादलीइतके टिकत नाहीत. फूटभर व्यासाचा, मिलिमीटरभर जाड तांब्याचा बंब घ्या: नुसत्या पत्र्यातून जेवढी उष्णता खाली उतरते ती आतल्या सगळ्या पाण्यातून उतरणाऱ्या उष्णतेच्या नऊपट भरते. मरेने बर्फाचं भांडं का घेतलं, ते यावरून कळेल.

सोसायटीचा सेक्रेटरी

धागा वाचून आमची जखम ओली झाली. सिंहगड रोडला सोसायटी, गच्चीवर सोलर. मालमत्ता करात सूट मिळते म्हणून हौसेने बसवलं. पहाटे उठणाऱ्यांना कढत पाणी, सातनंतर सगळ्यांना एकसारखं कोमट. ठेकेदार म्हणतो टाकी लहान पडते, दुसरी घ्या. सभासद म्हणतात पहाटेचे लोक पाणी जास्त वापरतात. मागच्या मीटिंगमध्ये यावरून जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाना पक्कड

दुसरी टाकी लगेच घेऊ नका. प्लंबिंग करतो, असे सोलर बरेच पाहिलेत. सातनंतर पाणी एकदम गार झालं असतं तर टाकी लहान, हे मान्य केलं असतं. तुम्ही एकसारखं कोमट म्हणताय, म्हणजे आत थर मोडतायत. गार पाणी कुठून आणि किती जोरात आत येतंय ते बघा. बऱ्याच ठिकाणी प्रेशर पंपाची लाईन सरळ टाकीत मारलेली असते. धार आत घुसली की खालचं-वरचं सगळं ढवळून निघतं. गारचा इनलेट बुडाशी हवा, आणि आत आडवी, भोकं पाडलेली नळी, म्हणजे पाणी पसरून, संथ येतं. बॅकअपचा हीटर असेल तर तो टाकीच्या वरच्या अर्ध्या भागात. खाली लावला तर सगळी टाकी तापवत बसतो आणि बिल येतं.

पहाटेच्यांना दोष द्यायचा असेल तर आधी पाइप मोजा. पाऊण इंची पाइपात मीटरला ०.३ लिटर पाणी उभं असतं. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत ३० मीटर धरले तर नऊ-साडेनऊ लिटर गार पाणी आधी सांडतं. त्याचा टाकीशी संबंध नाही.

सकाळी सहाला आणि साडेसातला टाकीच्या वरच्या आणि खालच्या नळाचं पाणी दोन भांड्यांत घेऊन तापमान बघा. साडेसातला दोन्ही सारखं आलं तर इनलेट बदला. वर कढत, खाली गार असं आलं आणि तरी घरात कोमट येत असेल तर टाकी ठीक आहे, पाइपाचं इन्सुलेशन उघडं पडलंय.

सोसायटीचा सेक्रेटरी

हे ठेकेदाराने सांगायला हवं होतं. उद्या गुरुवार, पाणी बंद. शुक्रवारी बघून आकडे टाकतो.